‘टाके पडणे’ : प्रसूतिक्षतांच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

बाळंतपणाची हकीकत सांगताना प्रसूतिमार्गास झालेल्या इजेची वासलात मराठी स्त्री बहुधा एकाच वाक्याने लावते. ते वाक्य म्हणजे ‘टाके पडले’. कुतूहल अधिक असेल तर ऐकणारी ‘किती?’ असे विचारते, आणि उत्तरादाखल एक संख्या मिळते. या दोन वाक्यांत विषय संपतो. योनिमुख व गुदद्वार यांमधील जो भाग इंग्रजी वैद्यकात पेरिनियम म्हणून ओळखला जातो, त्यास बाळाचे डोके बाहेर येताना ताण बसतो आणि तो कमीअधिक फाटतो. प्रथमच प्रसूत होणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत हे घडते. इतकी सार्वत्रिक घटना ज्या भाषेत एका वाक्यात सांगितली जाते, त्या भाषेने त्या घटनेतील काय टिपले आणि काय गाळले याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ शब्दाच्या हौसेचा नाही. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अद्यापि पुष्कळ घरांतून पाळली जाते. दुसऱ्या खेपेस तीच स्त्री वेगळ्या गावी, वेगळ्या डॉक्टरांसमोर उभी असते. पहिल्या खेपेचे कागद माहेरच्या कपाटात राहिलेले असतात किंवा हरवलेले असतात. मागील प्रसूतीत काय झाले, या प्रश्नाचे एकमेव साधन मग तिचे स्वतःचे वाक्य हेच उरते. ते वाक्य जर ‘टाके पडले होते’ इतकेच असेल, तर पुढील उपचाराचा पायाच डळमळीत राहतो.

२

प्रथम या वाक्याची रचना पाहू. ‘मला टाके पडले’ या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे, ‘टाके’ हा कर्ता आहे, आणि क्रियापद ‘पडणे’ हे अकर्मक आहे. मराठीत ‘पडणे’ ज्या नामांबरोबर येते त्यांची यादी केली तर एक सूत्र हाती लागते. डाग पडतो, भोक पडते, सुरकुत्या पडतात, थंडी पडते, दुष्काळ पडतो. या सर्व घटना कोणी केल्या असे भाषेला म्हणावयाचे नसते, त्या होतात. याउलट ‘टाके घालणे’ यात घालणारा हवा, ‘छेद देणे’ यात छेद देणारा हवा. टाका ही वस्तू तर माणसाच्या हाताशिवाय अस्तित्वातच येत नाही. असे असूनही प्रसूतीच्या संदर्भात बोलीने त्याला दुष्काळाच्या आणि सुरकुतीच्या पंक्तीस बसविले आहे.

यातून तीन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे जखमेचे कारण. ऊती आपोआप फाटली, की डॉक्टरांनी कात्रीने छेद दिला, हा भेद ‘टाके पडले’ या वाक्यात राहत नाही. दोहोंचा शेवट टाक्यांतच होतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः जखम. वाक्य उपायाचे नाव घेते, इजेचे घेत नाही. हात मोडला असता कोणी केवळ ‘प्लास्टर पडले’ असे सांगून थांबत नाही. हाड कोठे मोडले हे सांगितले जाते. येथे मात्र उपायाच्या मागे इजा दडते. तिसरी गोष्ट म्हणजे जखमेची खोली, आणि वैद्यकदृष्ट्या हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

खोलीची जागा बोलीत संख्येने घेतली आहे. ‘सात टाके’, ‘अकरा टाके’ या मोजणीवरून इजेचा अंदाज बांधला जातो. हे माप फसवे आहे. टाक्यांची संख्या ही शिवणाऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. तुटक टाके घातले तर ते मोजता येतात. एकाच धाग्याने अखंड शिवण घातली तर मोजण्यासारखे काही उरत नाही. केटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली इंग्लंडमध्ये १५४२ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत या दोन पद्धतींची तुलना केली. अखंड शिवणीने दहाव्या दिवशीची वेदना कमी राहते असे तीत दिसून आले. तेव्हा जी पद्धत अधिक सुखावह, तीच बोलीतील मोजमापाला निरर्थक करून सोडते. शिवाय वरवरच्या लांब जखमेला टाके पुष्कळ लागू शकतात, आणि थोड्याच टाक्यांखाली गुदद्वाराचा स्नायू तुटलेला असू शकतो.

३

वैद्यकशास्त्र या जखमांचे चार प्रकार मानते. पहिल्या प्रकारात त्वचा अथवा योनीचे अस्तर एवढेच फाटते. दुसऱ्यात त्याखालील स्नायू फाटतात, परंतु गुदद्वार आवळून धरणारा स्नायू शाबूत राहतो. तिसऱ्यात या आवळणाऱ्या स्नायूसच इजा पोचते. सुलतान यांनी १९९९ साली सुचविलेल्या वर्गीकरणानुसार तिसऱ्याचे तीन पोटभाग आहेत : बाह्य स्नायूची निम्म्याहून कमी जाडी फाटणे, निम्म्याहून अधिक फाटणे, आणि बाह्य स्नायूबरोबर आतला स्नायूही फाटणे. चौथ्या प्रकारात जखम गुदाच्या आतील अस्तरापर्यंत जाते. डॉक्टरांनी दिलेला नेहमीचा छेद हा खोलीच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकाराच्या बरोबरीचा असतो.

पहिल्या दोन प्रकारांत व शेवटच्या दोन प्रकारांत जो फरक आहे तो केवळ प्रमाणाचा नव्हे. वरवरची, रक्त न वाहणारी जखम कित्येकदा न शिवताही भरून येते. तिसऱ्या व चौथ्या प्रकारात मात्र शस्त्रक्रियागृह, योग्य भूल, पुरेसा प्रकाश, अनुभवी हात, जंतुनाशक औषध व नंतर काही काळ मल मऊ ठेवणारे औषध यांची आवश्यकता असते. ही जखम ओळखली गेली नाही, तर वारा किंवा शौच रोखून धरण्याची शक्ती क्षीण होते. काही स्त्रियांना हा त्रास लगेच जाणवतो, काहींना पुष्कळ वर्षांनी. ‘टाके पडले’ हे वाक्य या चारही अवस्थांना सारखेच लागू पडते. या वाक्याचा मुख्य दोष तो हाच.

आता हे चार प्रकार मराठीत आणताना एक नवीनच अडचण उभी राहते. ‘डिग्री’ या शब्दासाठी ‘प्रत’ किंवा ‘दर्जा’ असे शब्द सुचतात. परंतु मराठीत ‘पहिल्या प्रतीचा’ तांदूळ हा सर्वोत्तम, आणि ‘पहिला दर्जा’ हा सर्वोच्च. ज्या वाचकाच्या कानात हा अर्थ मुरला आहे, त्याला ‘पहिल्या दर्जाची जखम’ ही सर्वांत भारी वाटेल आणि ‘चौथ्या दर्जाची’ क्षुल्लक. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शब्दशः भाषांतर बिनचूक असूनही अर्थ उलटा पोचू शकतो याचे हे चांगले उदाहरण होय.

४

परिभाषेचा प्रश्न आला की मराठी अभ्यासकाची दृष्टी साहजिकच संस्कृताकडे वळते. तेथे सामग्री विपुल आहे, हे मान्य करावयास हवे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिवण्याच्या क्रियेचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथि असे प्रकार सांगितले आहेत. शरीरावरील नैसर्गिक शिवणीसारख्या रेषांना तेथे ‘सेवनी’ म्हटले असून त्यांची संख्या सात दिली आहे. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेच्या वर्णनात ही सेवनी टाळून, तिच्यापासून यवाएवढे अंतर राखून, डाव्या बाजूस छेद घेण्याची सूचना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूत होणाऱ्या स्त्रीने कळ नसताना जोर करू नये, आणि जोर करावयाचा तो हळूहळू वाढवीत न्यावा, असा उपदेश आहे.

या उल्लेखांचा उपयोग कसा करावा, याबाबत मात्र सावधगिरी हवी. आधुनिक प्रसूतिशास्त्रातही छेद मध्यरेषेवर न देता तिरपा द्यावा असे सांगितले जाते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनात डोक्याने भाग ताणलेला असताना मध्यरेषेपासून ६० अंशांचा कोन धरण्यास सांगितले आहे. त्यावरून सुश्रुतास हे तत्त्व ज्ञात होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु सुश्रुताचा तो छेद मूतखड्यासाठी आहे, प्रसूतीसाठी नाही. दोन सूचनांतील साम्य मनोज्ञ आहे, पण साम्य म्हणजे परंपरा नव्हे. चरकाच्या उपदेशाचा आणि डोके सावकाश बाहेर येऊ देण्याच्या आजच्या पद्धतीचा संबंध त्याहून जवळचा आहे, कारण तेथे प्रसंग एकच आहे. तरीही चरकाचा उद्देश ऊती फाटू नये हाच होता असे म्हणण्यास आधार नाही.

शब्दांच्या बाबतीत हीच कसोटी लावली पाहिजे. अर्शोनिदानाच्या प्रकरणात सुश्रुताने गुदाच्या प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळी सांगितल्या आहेत. यांपैकी ‘संवरणी’, म्हणजे आवरून धरणारी, हा शब्द अर्थदृष्ट्या अत्यंत समर्पक आहे. परंतु त्या तीन वळी आणि आजच्या शरीररचनेतील बाह्य व आंतर स्नायू यांची जोडी एकास एक जमत नाही. जुना शब्द नव्या अर्थाने वापरण्यास कोणाची हरकत असू नये. मात्र तो नवा अर्थ आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘मूलाधार’ हा पेरिनियमसाठी योजिला जाणारा शब्द याहून अधिक अडचणीचा आहे. योगशास्त्रात त्या नावाचे चक्र त्याच जागी मानले असल्यामुळे शब्द चुकीचा नाही. पण तो ऐकल्यावर सामान्य स्त्रीच्या मनात चक्र, आसन, प्राणायाम उभे राहतात, जखम उभी राहत नाही. ‘भगंदर’ या शब्दाची गत वेगळी. सुश्रुताने त्याची फोड भग, गुद व बस्ती यांचा प्रदेश विदीर्ण करणारा अशी केली आहे. व्युत्पत्तीने तो या विषयाच्या अगदी निकट येतो. रूढीने मात्र तो गुदाजवळच्या नाडीव्रणाचे नाव होऊन बसला आहे. व्युत्पत्ती पाहून शब्द उचलला तर येथे घोटाळा अटळ आहे.

व्युत्पत्तीच्या मर्यादेचे आणखी एक उदाहरण लक्षणीय आहे. ‘सुईण’ या शब्दाचा संबंध सुईशी, आणि पर्यायाने टाक्यांशी, जोडण्याची लौकिक समजूत होणे सहज शक्य आहे. प्रत्यक्षात ‘सुईण’ हा शब्द प्रसवार्थक सू धातूपासून आलेल्या सूति, सूतिका या कुळातला आहे. ‘सुई’ ही सूचीपासून आलेली आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील त आणि च यांचा लोप झाल्यामुळे ही दोन कुळे एका रूपाजवळ येऊन ठेपली. ध्वनींचा हा योगायोग आहे, व्यवसायाचा इतिहास नव्हे.

५

संस्कृत अपुरे पडते म्हणून इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्यात, असा एक पक्ष आहे. इंग्रजी संज्ञा निर्दोष आहेत, हे त्या पक्षाचे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. प्रसूतीच्या वेळी देण्यात येणाऱ्या छेदाचे वर्णन डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ साली केले. त्यास ‘एपिसिऑटमी’ हे नाव व्हिएन्नाच्या कार्ल ब्राउन यांनी १८५७ साली दिले. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून घडले आहे त्याचा अर्थ जननेंद्रियाच्या वरील ओटीचा भाग असा होतो. छेद मात्र त्याच्या विरुद्ध टोकास, खाली दिला जातो. नाव चुकीच्या जागेचे असूनही रूढ झाले, इतकेच.

याहून बोधप्रद उदाहरण ‘ऑकल्ट’ या विशेषणाचे आहे. सुलतान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रथम प्रसूत झालेल्या स्त्रियांची ध्वनिलहरींनी तपासणी केली असता सुमारे ३५ टक्के स्त्रियांच्या गुदस्नायूत दोष आढळला. प्रसूतीच्या वेळी यांतील बहुतेक इजा लक्षात आलेल्या नव्हत्या. म्हणून त्यांस ‘ऑकल्ट’, म्हणजे गुप्त, असे म्हटले जाऊ लागले. पुढे अँड्र्यूज, सुलतान प्रभृतींनी २००६ साली २४१ स्त्रियांच्या अभ्यासात प्रसूतीनंतर लगेच अनुभवी तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करविली. तेव्हा गुदस्नायूच्या इजेचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर गेले, आणि खरोखरी डोळ्यांस व बोटास न सापडणाऱ्या इजा अत्यल्प उरल्या. तात्पर्य, त्या इजा गुप्त नव्हत्या; त्या पाहिल्या गेल्या नव्हत्या. लॅटिनमधील हे विशेषण भूतकालवाचक कर्मणी रूप आहे : ‘लपविलेले’, कोणी लपविले, ते सांगण्याची त्याला गरज नाही. ‘टाके पडले’ या वाक्यातील कर्तृलोप आणि हा कर्तृलोप यांची जात एकच. भाषा लोकव्यवहाराची असो वा शास्त्राची, घटनेतील मनुष्याचा हात ज्या ठिकाणी अदृश्य होतो त्या ठिकाणी टीकाकाराने थांबावयास हवे.

संज्ञा स्थिर झाल्याचे परिणाम आकड्यांतही उमटतात. इंग्लंडमध्ये प्रथम प्रसूतींतील तिसऱ्या व चौथ्या प्रकारच्या जखमांची नोंद २००० ते २०१२ या काळात १.८ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर गेली. ही वाढ जखमा वाढल्याची जितकी असेल तितकीच, किंबहुना अधिक, त्या ओळखल्या जाऊ लागल्याची असावी असे अभ्यासकांनी म्हटले आहे. ज्या गोष्टीला निश्चित नाव मिळते तिची मोजदाद होऊ लागते. ज्या गोष्टीला नाव नाही तिचा आकडा शून्यच राहतो, आणि शून्य पाहून समाधान मानले जाते.

६

आता उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. इजेनंतर होणाऱ्या त्रासाला बोलीत नाव आहे काय? गर्भाशय खाली सरकल्यास ‘अंग बाहेर येणे’ आणि स्राव होत असल्यास ‘अंगावरून जाणे’ हे प्रयोग रूढ आहेत. आडवळणाने का होईना, ते तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचवितात. वारा किंवा शौच न रोखता येण्याला मात्र प्रौढ स्त्रीच्या तोंडी बसलेला असा शब्द नाही. जे शब्द आहेत ते लहान मुलांसाठी अथवा अंथरुणास खिळलेल्या वृद्धांसाठी वापरले जातात. पंचवीस वर्षांच्या बाळंतिणीने ते स्वतःविषयी उच्चारावेत ही अपेक्षाच क्रूर आहे. मग ती देवदर्शनास, लग्नकार्यास, लांबच्या प्रवासास जाणे टाळू लागते आणि कारण सांगत नाही. घरच्यांना तो तिचा स्वभाव वाटू लागतो.

उपाय नाहीत म्हणून हे मौन असते तर ते समजण्यासारखे होते. वस्तुस्थिती तशी नाही. बाह्य स्नायूची दुरुस्ती झालेल्या स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्के स्त्रियांना बारा महिन्यांनंतर कोणताही त्रास राहत नाही, असे उपरोक्त रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनात नमूद आहे. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेल्या पद्धतीचे ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम उपयोगी पडतात. प्रतिबंधाचेही मार्ग आहेत. प्रसूतीच्या दुसऱ्या अवस्थेत कोमट पाण्याच्या घड्यांनी शेक दिल्यास खोल जखमांचे प्रमाण घटते. आणि सरसकट सर्वांना छेद देऊ नये, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट शब्दांत केली आहे. शिवण्यापूर्वी गुदाची बोटाने तपासणी करणे हा तर सर्वांत साधा उपाय. त्याला यंत्र लागत नाही.

घरगुती शुश्रूषेच्या भाषेकडेही येथे लक्ष दिले पाहिजे. ‘शेक’ हा एकच शब्द प्रसूतीच्या वेळच्या कोमट घडीला आणि नंतरच्या बाजेखालील शेगडीला व ओव्या-बाळंतशेपांच्या धुरीला सारखाच लागतो. पहिला उपकारक आहे. ताज्या शिवणीजवळ विस्तवाची धग मात्र भाजण्याचा धोका आणते. काही घरांतून बाळंतिणीस पाणी बेताने देतात, आणि त्यामुळे मल घट्ट होतो. खोल जखम झालेल्या स्त्रीच्या बाबतीत हे नेमके डॉक्टरांच्या उद्देशाच्या उलट आहे. आजी प्रेमाने जे करते ते चुकते याचे कारण तिचे अज्ञान हे नाही. जखम कोणत्या थरापर्यंत होती हे तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलेलेच नसते.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे की, प्रकारांना क्रमांक देण्यापेक्षा थरांची नावे द्यावीत : ‘कातडीपुरती’, ‘स्नायूपर्यंत’, ‘गुदाच्या वळीपर्यंत’, ‘गुदाच्या अस्तरापर्यंत’. यांत संस्कृत व देशी शब्दांचे मिश्रण आहे, याची खंत बाळगू नये. रुग्णाच्या हाती द्यावयाची परिभाषा कोशातील परिभाषेहून वेगळी असू शकते. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘टाके घातले’ एवढे न लिहिता ‘आपोआप फाटले, जखम गुदाच्या वळीपर्यंत होती, शिवली आहे’ असे, अथवा ‘छेद दिला, जखम स्नायूपर्यंत होती’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात कारण, दुसऱ्यात खोली, तिसऱ्यात उपाय. तसेच पुढील भेटीत ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘वारा किंवा शौच रोखता येते का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी अथवा परिचारिकेने स्वतः विचारावा. जो शब्द रुग्णाला उच्चारता येत नाही तो विचारणाराने आधी उच्चारला की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर येते.

असे स्पष्ट बोलल्याने स्त्रिया घाबरतील, हा आक्षेप ऐकू येतो. लैंगिक विषयांवर मराठीत सरळ लिहिल्याबद्दल ‘समाजस्वास्थ्य’कार रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर १९३१ व १९३४ साली खटले झाले, त्या काळापासून हा आक्षेप निरनिराळ्या वेषांत येत आहे. भीती नावाने उत्पन्न होत नाही. ती बहुधा नाव नसलेल्या त्रासाने उत्पन्न होते, आणि तो त्रास आपल्या एकटीलाच आहे अशा समजुतीने ती वाढते. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेन्सिल्व्हेनियात आपला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. तो इंग्रजीत लिहिणे त्यांना प्राप्तच होते. तो विषय मराठीत, बाळंतिणीला समजेल आणि स्वतः सांगता येईल अशा शब्दांत आणणे हे काम अद्याप अपुरे आहे. ते केवळ वैद्यांचे नाही; भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.